पोटमाळ्यातलं ऊन

मनोहरराव खानझोडेंना वाघाची, सापाची, अंधाराची भीती कधी वाटली नाही. पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर असताना त्यांनी जंगलाच्या कडेकडेने कालवे मोजले होते, आणि तिथे या तिन्ही गोष्टी फुकटात मिळत. त्यांना भीती वाटायची ती दुसऱ्याच्या घराची. आपल्या हातून तिथे काही फुटेल, सांडेल, बिघडेल, आणि घरमालक रागावणारही नाही, नुसता बघेल, याची.

आणि दैव बघा, या माणसाचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्याच घरांत गेलं. भंडारा, ब्रह्मपुरी, चंद्रपूर, जिथे बदली तिथे सरकारी क्वार्टर. कॅलेंडर लावायचं तरी हे आधी कुणी ठोकलेला खिळा शोधत फिरायचे. शेवटी त्यांची बायको शैलजा हातोडी उचलायची. "सरकार काय खिळे मोजायला येऊन राहिलं का?" म्हणायची आणि ठाण्‌कन ठोकून मोकळी व्हायची. दुधवाल्याशी भांडणं, शाळेत जाऊन मास्तरांना जाब विचारणं, गळणाऱ्या छतासाठी साहेबाच्या दारात बसणं, ही सगळी धीराची खाती तिच्याकडे होती. निवृत्तीनंतर नागपुरात स्वतःचा फ्लॅट झाला, पण तिथे ती फार काळ राहिली नाही. ती गेली आणि मनोहरराव त्या फ्लॅटमध्येसुद्धा पाहुण्यासारखे वावरू लागले. मग मुलाने, ऋषीने, फ्लॅट विकून त्यांना ऑस्टिनला आणलं.

ऑस्टिनचं घर छान होतं, ऐसपैस, बैठं. पण भीतीला काय, तिला जागा जितकी जास्त तितकं बरंच. थर्मोस्टॅटला मनोहरराव कधी हात लावत नसत. थंडी वाजली तर शाल घेत. सिंकमधल्या त्या भाजीची सालं गिळणाऱ्या यंत्राचं बटण आपल्या कोपराने दाबलं जाईल म्हणून कप धुताना एक हात पाठीमागे ठेवत. सून उल्का पुण्याची. स्वभावाने चांगली होती, त्यांच्या गोळ्या तीच आठवणीने आणायची. पण बोलायची भराभर, चालायची भराभर, आणि भराभर चालणाऱ्या माणसाच्या वाटेत आपण उभे आहोत असं मनोहररावांना सारखं वाटत राहायचं. नात रुही इंग्रजीतून बोलायची, हे मराठीतून उत्तर द्यायचे, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

अशात ऋषीची नोकरी सिॲटलजवळ बॉथेलला हलली. घर विकायचं ठरलं. जेवताना एकदा मनोहररावांनी जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं, "तिकडचं घर कसं आहे म्हणतोस?"

"सध्या अपार्टमेंटच घेतोय, बाबा. तसं लहानच आहे. बघू," ऋषी म्हणाला आणि फोनमध्ये डोकं घातलं.

'बघू' या शब्दाचा अर्थ मनोहररावांना कुणी सांगायला नको होता. उभ्या नोकरीत ज्याला ज्याला नाही म्हणायचं होतं, त्याला त्याला त्यांनी 'बघू' म्हटलं होतं. नागपूरचा फ्लॅट विकलेला. बॉथेलचं घर लहान. मग म्हाताऱ्याची सोय कुठे? कुठल्या तरी वृद्धाश्रमाचं चित्र त्यांच्या डोळ्यांसमोर येई, आणि ते चित्र इतकं स्वच्छ, टापटीप असे की त्याचीच जास्त धडकी भरे.

ऑस्टिन शहराचा एक नियम आहे. घर दहा वर्षांहून जुनं असेल, तर विकण्याआधी त्याची ऊर्जा तपासणी करून घ्यायची आणि अहवाल गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. घर किती वीज खातं, गारवा कुठून निसटतो, खिडक्या कशा, पोटमाळ्यात कापूस किती. कापूस म्हणजे फायबरचा तो पांढरा भुसभुशीत थर, उन्हाची धग घरात उतरू नये म्हणून छताच्या वर पसरलेला असतो तो. तपासणीला डॅरेल नावाचा एक उंच, हसरा माणूस आला. पॅसेजच्या छतातलं झाकण उघडून त्याने घडीची शिडी खाली ओढली, वर गेला, आणि उतरला तो डोकं हलवत.

झाकण नीट बसत नाही, बोटभर फट राहते, सगळा एसी वर जातो, असं तो म्हणाला. हे एक. आणि दुसरं, वर एका कोपऱ्यात कुणीतरी कापूस पार झाडून काढलाय. चांगलं खोलीभर उघडं पडलंय. असं का केलं असेल कुणी?

"आधीच्या ओनरने केलं असणार," ऋषी म्हणाला. "पण रिपेअर कंपल्सरी नाहीये ना? डिस्क्लोज करायचं फक्त."

कंपल्सरी नाही, डॅरेल म्हणाला, पण अहवालात लिहावं लागेल. आठवड्याभरात पुन्हा येतो, तोवर काही केलंत तर तसं लिहू.

मनोहरराव सोफ्याच्या कडेवर बसून हे ऐकत होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आधीच्या मालकाने नव्हे, त्यांनीच झाडलं होतं ते. गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीनंतर गणपतीचं मखर वर ठेवायचं होतं. ऋषी म्हणाला होता, ठेवा कुठेही. पण बाप्पाचं मखर त्या धुळकट, खाजऱ्या कापसावर ठेवायला मनोहररावांचा हात धजावेना. म्हणून त्यांनी केरसुणी नेऊन जागा स्वच्छ केली होती, कडेला ढीग लावला होता, लाकडी वाशांवर वर्तमानपत्रं अंथरली होती, आणि मग हात जोडून मखराचे खोके मांडले होते. आता सामान आवरताना खोके खाली आले आणि उघडी जागा सगळ्यांना दिसली.

सांगून टाकलं असतं तर ऋषी हसला असता. पण चोराच्या मनात चांदणं. मनोहररावांनी मनातल्या मनात हिशेब जुळवला: घर विकलं जाणार नाही, अहवालात आपली करणी छापून येणार, उल्का काही बोलणार नाही, नुसती बघेल, आणि त्या 'बघू'चा निकाल लागेल. त्या रात्री त्यांना झोप आली नाही.

ऋषीने झाकणाचं काम लगेच केलं. मागच्या बाजूला जाड फोम चिकटवला, कडेने रबर लावलं, आणि घट्ट बसावं म्हणून खालून एक कडी ठोकली. "बाबा, प्लीज ही कडी कायम लावलेली ठेवायची हं," उल्काने बजावलं. "उघडं राहिलं तर अख्खा एसी वाया जातो." मनोहरराव मान डोलावत राहिले. उघड्या जागेकडे मात्र कुणी लक्ष दिलं नाही. ऋषी बॉथेलच्या फेऱ्यांत अडकला होता.

तेव्हा ती जागा आपणच भरायची, गुपचूप, असं मनोहररावांनी ठरवलं. सकाळी घरात माणसं असतात. दुपारी उल्का रुहीला पोहायच्या क्लासला सोडायला जाते, आणि मनोहरराव त्या वेळी रोज लायब्ररीत जातात हे सगळ्यांना ठाऊक. तीच वेळ बरी. जुलै महिना होता, बाहेर टेक्सासचं ऊन रणरणत होतं. पण उन्हाचं भय नागपूरच्या माणसाला कोण दाखवणार? मे महिन्यात डांबर वितळताना त्यांनी कालव्यावर उभं राहून मोजणी केली होती. ते त्याच पद्धतीने तयार झाले. भरपूर पाणी प्यायले, डोक्याला आणि नाकाला ओला पंचा गुंडाळला, खिशात कांदा ठेवला. फोन मात्र चार्जरवरच राहू दिला, वर कापसात पडला तर सापडायचा नाही म्हणून. अंगणातला पानं ओढायचा पंजा घेऊन ते शिडी चढले.

वर पाय ठेवताच जे अंगावर आलं त्याला ऊन म्हणवेना. ऊन म्हटलं की वारा असतो, सावली असते, लिंबाचं झाड असतं. इथे काहीच हलत नव्हतं. तापलेल्या छपराखाली कोंडलेली हवा नाकातून आत जाताना चटका देत होती. "भट्टी आहे बाप्पा," ते पुटपुटले, आणि तिथेच खाली उतरायला हवं होतं. पण माणूस भीतीने काम करू लागला की अंगाचं ऐकत नाही.

झाकणाजवळ एक दिवा होता. मधोमध एसीचं अवाढव्य यंत्र घरघरत होतं, त्याच्यापासून जाड नळ्या अजगरासारख्या चौफेर गेलेल्या. चालायचं ते लाकडी वाशांवरूनच. दोन वाशांच्या मध्ये खालच्या खोलीचं छत, पातळ पुठ्ठ्यासारखं, त्यावर पाय पडला की माणूस खाली. ओव्हरसीअरचा पाय अजून शाबूत होता. वाशावरून वाशावर पाय टाकत ते पलीकडच्या कोपऱ्यात पोचले आणि पंज्याने कापूस ओढू लागले. स्वतः लावलेला ढीग मोडला, जिथे थर जाड होता तिथून आणला, सारखा केला. काम झकास झालं. आता कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. घामाने चिंब झालेले मनोहरराव बऱ्याच दिवसांनी स्वतःवर खूश झाले.

वळले, तर झाकणाच्या जागी खालून येणारा उजेडाचा चौकोन नव्हता.

झालं होतं ते इतकंच. रुहीला सोडून उल्का घरी आली, पॅसेजमध्ये शिडी लोंबताना आणि तिथून गरम झोत येताना तिने पाहिलं. सकाळी ऋषी वर डोकावला असणार आणि नेहमीप्रमाणे विसरला असणार. "किती वेळा सांगायचं याला, यार," ती म्हणाली, शिडी दुमडली, झाकण वर ढकललं आणि कडी लावली. बाबांच्या चपला दाराशी नव्हत्या. म्हणजे लायब्ररी. त्या चपला वर बाबांच्या पायांत होत्या. ती आपल्या खोलीत गेली, कानांवर हेडफोन चढवून मीटिंगला बसली.

मनोहररावांना हे काही ठाऊक नव्हतं. यंत्राच्या घरघरीत त्यांना झाकणाचा आवाजसुद्धा आला नव्हता. ते परत निघाले आणि पहिल्याच पावलाला थबकले. वासे कुठे गेले? इतका सुरेख कापूस पसरला होता, सगळीकडे सारखा, की खालचं लाकूड दिसेनासं झालं होतं. आपणच आपली वाट बुजवली होती. ते गुडघ्यांवर बसले आणि हाताने चाचपत, रांगत सरकू लागले. कापूस मनगटांना, मानेला टोचत होता. झाकणापर्यंत पोचायला फार वेळ लागला. त्यांनी ते खाली दाबलं. हललं नाही. दोन्ही हातांनी दाबलं, मग गुडघा टेकून दाबलं. फोम जाड, रबर नवं, कडी पक्की. ऋषीने काम चोख केलं होतं.

"उल्का!" त्यांनी हाक मारली. "अगं उल्का, मी वरती आहो!"

आवाज कापसाने गिळला. त्यांनी मुठी आपटल्या, चप्पल काढून आपटली. खाली कुणी हललं नाही. मग त्यांना वाटलं की घरात कुणीच नसेल, रुहीचा क्लास सुटेपर्यंत नसेल, आणि त्यानंतरही कुणी वर बघणार नाही, कारण म्हातारा लायब्ररीत आहे. अंगावर सर्रकन काटा आला. काटा आला तो कोरड्या अंगावर, हेही त्यांच्या लक्षात आलं.

घाम थांबला होता.

हे मात्र नागपूरच्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. घाम येतो तोवर भय नाही. घाम आटला की सावली गाठायची, नाहीतर उन्हाचा तडाखा बसलाच. कालव्यावरचा एक मजूर, धडधाकट गडी, असाच बोलता बोलता कोरडा पडला होता, उलटं-सुलटं बडबडला होता, आणि बैलगाडी येईपर्यंत संपला होता. त्याचे डोळे मनोहररावांना आजही आठवत. त्यांनी पंचा पिळून पाहिला. थेंब आला नाही. छाती धाडधाड उडत होती. आपण इथे मरणार, ही गोष्ट त्यांना इतकी उघड दिसली की ते मोठ्याने रडले. लाज वाटली नाही, ऐकायला होतं कोण?

वाट एकच होती, आणि ती पायाखाली होती. छत फोडायचं.

आता खरं सांगतो, दुसरा कुणी असता तर त्याने एव्हाना लाथ घातली असती. मनोहरराव खानझोडे विचार करू लागले की फोडायचं तर कुठे. खाली हॉल असेल तर? हॉलला परवाच रंग दिलाय, फोटो काढलेत विक्रीसाठी. त्यापेक्षा कपडे धुवायच्या खोलीवर फोडावं, तिथे दिसणार नाही. ती खोली कुठे? झाकणापासून डावीकडे, पाण्याच्या नळाच्या बाजूला. जीव मुठीत धरून, डोळ्यांपुढे काजवे चमकत असताना, हा माणूस सुनेच्या छताचं कमीत कमी नुकसान होईल अशी जागा शोधत रांगत राहिला. डावं कुठलं हेच कळेना. एकदा त्यांना वाटलं शैलजा त्या नळीपाशी बसली आहे, आणि तिला ते म्हणालेसुद्धा, "थांब, येतोच." मग जीभ टाळूला चिकटली आणि हात उचलेनात.

तेव्हा कुठे ते घाबरले ते खरे घाबरले. घराची, सुनेची, बॉथेलची, सगळी भीती या एका भीतीत बुडाली. मला मरायचं नाहीये, एवढंच उरलं. त्यांनी समोरचा कापूस बाजूला केला, वाशाला दोन्ही हातांनी मिठी मारली, आणि पाय खाली सोडून टाचेने टकटक केलं. पाहुण्याने दार वाजवावं तसं. मग जोरात. मग आणखी जोरात. काहीतरी कडाडलं आणि पाय मांडीपर्यंत खाली गेला.

उल्काला हेडफोनमधूनही तो धप्प आवाज ऐकू आला. ती धावत हॉलमध्ये आली. पांढऱ्याशुभ्र छतातून एक काटकुळा पाय लोंबत होता, पोटरी खरचटून रक्ताळलेली, आणि खाली सोफ्यावर पांढरा चुरा पडत होता. ती किंचाळली. पाय हळूहळू वर गेला, आणि त्या भोकात सासऱ्यांचा चेहरा आला, लालबुंद, डोळे खोल गेलेले. खालची गार हवा त्या चेहऱ्याला लागली आणि त्याने घटाघट पाणी प्यावं तशी ती ओढून घेतली.

"बाबा! तुम्ही वर? अहो, मी... मी कडी लावली!"

"सॉरी बेटा," मनोहरराव म्हणाले. जीभ वळत नव्हती. "तुझं छत... मी ते धुवायच्या खोलीवर..."

"बाबा, फोडा!"

त्यांना कळलं नाही. "काय?"

"फोडा ते! अजून फोडा! तोंड बाहेर काढा, श्वास घ्या!" तिने फोन स्पीकरवर टाकून नाइन-वन-वन लावला आणि जेवणाचं टेबल फरफटत ओढून आणलं. नव्या लाकडी जमिनीवर त्याचा लांबलचक ओरखडा उठला. ती मॉपचा दांडा घेऊन टेबलावर चढली आणि खालून छतावर घाव घालू लागली. पुठ्ठ्याचे तुकडे, कापसाचे गोळे तिच्या केसांत, डोळ्यांत, तोंडात पडत होते. फोनमधली बाई पत्ता विचारत होती, उल्का पत्ता ओरडत होती आणि घाव घालत होती.

"हळू गं," वरून मनोहरराव म्हणत होते. "अगं, डाग पडतील. गिऱ्हाईक येईल उद्या..."

"चुलीत गेलं गिऱ्हाईक!" ती रडत ओरडली. "चुलीत गेलं घर! बॉथेलला खोली कुणासाठी बघतोय आम्ही, बाबा? दोन बेडरूमचं चालत नाही, तीनचंच पाहिजे म्हणून ऋषी महिनाभर वणवण करतोय तिकडे. कुणासाठी करतोय तो? बोलत राहा! डोळे मिटायचे नाहीत!"

भोक आता खांद्याएवढं झालं होतं. तिने टेबलावर खुर्ची ठेवली, सिंकमधून निथळता टॉवेल आणला, खुर्चीवर उभी राहिली आणि हात वर घालून तो त्यांच्या डोक्यावर, मानेवर दाबून धरला. पाणी त्यांच्या कपाळावरून तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. लांबून सायरन येत होता. मनोहररावांनी वाशाची मिठी सोडून एक हात त्या भोकातून खाली सोडला. उल्काने तो घट्ट धरला आणि ॲम्ब्युलन्सची माणसं दारातून आत आली तरी सोडला नाही.